वादळ, पूर आणि आरोग्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हरिकेनचा, म्हणजे अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा, मोसम जवळ आला की तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात, आणि वादळ येऊन गेल्यावर त्याहून जास्त येतात. त्यातले वारंवार आलेले इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत, एकसारखे होते ते जोडून टाकलेत. घर कधी सोडायचं आणि कुठल्या रस्त्याने जायचं हे मात्र स्थानिक प्रशासन सांगेल तेच खरं.

१. इशारा मिळाल्यावर तयारीला वेळ तरी किती मिळतो?

अमेरिकेचं राष्ट्रीय हरिकेन केंद्र दोन टप्प्यांत इशारा देतं. पहिला, म्हणजे ‘वॉच’, वादळी वारे पोचायच्या साधारण ४८ तास आधी. दुसरा, ‘वॉर्निंग’, ३६ तास आधी. वेळ भरपूर वाटतो, पण त्याच तासांत औषधांच्या दुकानांसमोर रांगा लागतात, पेट्रोल पंप कोरडे पडतात आणि दवाखाने बंद होऊ लागतात. पाणी भरणं, फोन चार्ज करणं, गाडीत इंधन घालणं एवढं इशाऱ्यानंतर जमतं. औषधांचा साठा, डायलिसिसची पर्यायी सोय, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला नेण्याची व्यवस्था ही कामं मोसमाच्या आधीच उरकावी लागतात. अटलांटिकचा मोसम १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो.

२. वादळ फक्त ‘श्रेणी १’चं आहे म्हणतात. मग घाबरण्यासारखं काही नाही ना?

ही श्रेणी फक्त वाऱ्याचा वेग सांगते. सफिर-सिम्पसन मापनात ताशी ११९ ते १५३ किलोमीटर म्हणजे श्रेणी १, आणि २५२ किंवा त्याहून जास्त म्हणजे श्रेणी ५. पाऊस किती पडेल, समुद्र किती आत येईल, यातलं काहीच त्या आकड्यात नसतं. आणि जीव घेतं ते मुख्यतः पाणी. १९६३ ते २०१२ या काळात अमेरिकेत अशा वादळांच्या थेट तडाख्याने जे मृत्यू झाले, त्यांतले जवळपास ९० टक्के पाण्यामुळे होते. एकूण मृत्यूंपैकी निम्मे तर एकट्या समुद्राच्या उधाणाचे.

२०१२ मध्ये सँडीने न्यूयॉर्कची दैना केली तेव्हा वाऱ्याचा वेग श्रेणी १ इतकाच होता. २०२४ चं हेलेन नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागात पोचलं तोवर ते हरिकेन उरलंही नव्हतं, तरी किनाऱ्यापासून इतक्या दूर पुराने वस्त्या वाहून नेल्या. श्रेणी ऐका, पण आपलं घर उधाणाच्या किंवा पुराच्या पट्ट्यात येतं का, हे आधी बघा.

३. वादळ एका दिवसात निघून जातं. मग त्यात आरोग्य खात्याचं एवढं काय काम?

खरं काम वादळ गेल्यावरच सुरू होतं. २० सप्टेंबर २०१७ ला मारिया हे वादळ पोर्तो रिको या कॅरिबियनमधल्या अमेरिकी बेटावर आदळलं. कित्येक महिने सरकारी मृत्यूसंख्या ६४ होती. पुढे जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाने फेब्रुवारी २०१८ पर्यंतचे, नेहमीच्या प्रमाणापेक्षा जास्तीचे मृत्यू मोजले. तो आकडा निघाला २,९७५, आणि सरकारने तोच अधिकृत मानला.

६४ आणि २,९७५ यांच्या मधली ही माणसं बुडाली नव्हती की पडक्या भिंतीखाली सापडली नव्हती. हार्वर्डच्या संशोधकांनी घरोघर जाऊन केलेल्या वेगळ्या पाहणीत साधारण एक तृतीयांश मृत्यूंचं कारण उपचार लांबणं किंवा मध्येच तुटणं हे निघालं. वीज नाही, म्हणून ऑक्सिजनचं यंत्र बंद. रस्ता नाही, म्हणून डायलिसिस चुकलं. फोन नाही, म्हणून रुग्णवाहिका बोलावता आली नाही. शेवटच्या घरांपर्यंत वीज पोचायला जवळपास अकरा महिने लागले. सगळ्यात जास्त धोका वयस्कर पुरुषांना आणि गरीब भागांतल्या लोकांना होता.

म्हणून या पानावर खिडक्यांना फळ्या ठोकण्याबद्दल फारसं काही नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत. इथला भर वादळानंतरच्या दिवसांवर आहे.

४. किती दिवसांचं सामान भरून ठेवायचं?

किमान तीन दिवसांचं, जमलं तर दोन आठवड्यांचं. पाणी माणशी रोज साधारण चार लिटर धरा. यात पिणं आणि अगदी जुजबी स्वच्छता येते. गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई, आजारी माणूस, कडक उन्हाळा यांना जास्त लागतं.

टॉर्च, रेडिओ, बॅटऱ्या हे प्रत्येक यादीत असतंच. जे विसरलं जातं ते असं: जास्तीचा चष्मा, कवळी, श्रवणयंत्राचे सेल, सॅनिटरी पॅड, डबाबंद अन्न उघडायचा ओपनर, जाड तळव्याचे बूट आणि कागदावर लिहिलेले फोन नंबर. वादळानंतरच्या जखमा बऱ्याचदा खिळे आणि काचांवर पाय पडून होतात, त्यामुळे बूट ही चैन समजू नका.

५. डॉक्टर एका महिन्याचीच औषधं लिहून देतात. जास्तीचा साठा करायचा कसा?

मोसमाच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा की दोन आठवड्यांची औषधं कायम हाताशी हवीत. गोळ्या संपायची वाट न पाहता मुदत येताच पुन्हा घ्या, म्हणजे थोडा थोडा साठा जमत जातो. जुना साठा आधी वापरा. चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये असू द्या आणि औषधाचं मूळ नाव व मात्रा कागदावर लिहून ठेवा, कारण निवारा केंद्रातल्या डॉक्टरला ‘ती पांढरी छोटी गोळी’ कळत नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत आणीबाणी जाहीर झाल्यावर फार्मासिस्टला नव्या चिठ्ठीशिवाय काही दिवसांचं औषध देता येतं. तुमच्याकडचा नियम आधीच विचारून घ्या.

साठा पुरवायला म्हणून गोळ्या अर्ध्या करू नका. फिट्स, रक्तदाब, हृदय, मानसिक आजार यांची औषधं आणि स्टेरॉइड अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं. मेथाडोनसारखे व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्यांनी केंद्र बंद पडलं तर डोस कुठे मिळेल हे विचारून ठेवावं. संकोचामुळे हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि अडचण तिथेच येते.

६. वीज गेली तर इन्शुलिन फेकून द्यायचं का?

नाही. बहुतेक प्रकारचं इन्शुलिन १५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात २८ दिवसांपर्यंत टिकतं. ते ऊन, बंद गाडी आणि थेट बर्फ यांपासून लांब ठेवा. गोठलेलं इन्शुलिन मात्र वितळल्यावरही वापरू नये.

अडचण येते ती तापमान ३० च्या वर गेलं आणि दुसरं इन्शुलिन मिळण्याची शक्यता नसली तर. अशा वेळी काहीच न घेण्यापेक्षा हातातलं वापरावं, पण त्याचा जोर कमी झालेला असू शकतो हे धरून साखर वरचेवर तपासावी आणि नवा पुरवठा मिळताच जुनं टाकून द्यावं. टाइप १ मधुमेहात इन्शुलिन पूर्ण बंद ठेवणं हा कधीच पर्याय नाही.

७. घरात डायलिसिसचा किंवा ऑक्सिजनचा रुग्ण आहे. आमची तयारी वेगळी हवी का?

हो, आणि तुम्ही इतरांच्या बरंच आधी हलायला हवं.

डायलिसिसच्या रुग्णांनी तीन गोष्टी केंद्राकडून लेखी घ्याव्यात: जवळचं पर्यायी केंद्र कुठलं, आपल्या डायलिसिसचा तपशील काय, आणि उपचार चुकल्यास पाळायचा तीन दिवसांचा आहार. या आहारात पाणी, मीठ आणि पोटॅशियम नेहमीपेक्षाही कमी असतं. वादळाचा अंदाज येताच ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता आधीच डायलिसिस करून घ्या. सँडीच्या वेळी न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी भागात ज्यांनी असं केलं, त्यांच्यात रुग्णालयात भरती होण्याचं आणि पुढच्या महिनाभरात दगावण्याचं प्रमाण न करणाऱ्यांपेक्षा कमी आढळलं. इतक्या साध्या उपायाचा इतका स्पष्ट फायदा आपत्तीच्या क्षेत्रात क्वचित दिसतो.

ऑक्सिजन काँसन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं विजेवरचं यंत्र) वापरत असाल तर विजेशिवाय चालणारा सिलिंडर लागतोच. तो किती तास पुरेल हे पुरवठादाराकडून विचारून त्यावरच लिहून ठेवा. वीज कंपनीकडे वैद्यकीय उपकरण असलेलं घर म्हणून नोंद करा, पण त्या नोंदीच्या भरवशावर राहू नका. नोंद म्हणजे वीज लवकर येण्याची हमी नव्हे. उपकरण चालवायला जनरेटर आणणार असाल तर प्रश्न १४ आधी वाचा.

८. प्रत्येक वेळी घर सोडायलाच हवं का?

जुना नियम आहे: पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. उधाणाच्या किंवा पुराच्या पट्ट्यात असाल, फिरत्या घरात (पक्का पाया नसलेल्या ‘मोबाइल होम’मध्ये) राहत असाल किंवा आदेश निघाला असेल तर निघाच. उंचावरच्या पक्क्या घरात, आदेश नसताना, निघण्याची घाई कधी कधी उलटते. २००५ मध्ये रिटा हे वादळ येतंय म्हणून टेक्सासच्या किनाऱ्यावरून प्रचंड मोठ्या संख्येने लोक एकाच वेळी बाहेर पडले. रखरखत्या उन्हात तासन्‌तास गाड्या अडकल्या. वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणाऱ्या एका बसला डॅलसजवळ आग लागून २३ जण गेले. टेक्सासमधले बहुतेक मृत्यू वादळाचे नव्हते, स्थलांतराचे होते.

याचा अर्थ थांबा असा नाही. लवकर निघा, आणि जायला जागा जवळचीच पण उंचावरची शोधा, असा आहे. अतिशय आजारी माणसाला हलवायचं की जागीच सुरक्षित ठेवायचं, हे त्याच्या डॉक्टरांशी बोलून आधीच ठरवा.

९. निवारा केंद्रात साथी पसरतात म्हणे. मग घरीच बरं नाही का?

साथी पसरतात हे खरं. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर ह्यूस्टनमधल्या मोठ्या निवाऱ्यात नोरोव्हायरसने उलट्या-जुलाबांची साथ आली होती. पण तिच्यावर उपाय होता आणि तो केला गेला. उधाण घरात शिरल्यावर उपाय उरत नाही. बांगलादेशात १९७० च्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसं गेली असं मानतात. आज तिथे त्याच किनाऱ्यावर तितक्याच जोराचं वादळ आलं तरी बळी त्याच्या जवळपासही जात नाहीत, कारण निवारे आहेत आणि लोकांना तिथे नेणारे स्वयंसेवक आहेत. २०२० मध्ये अम्फान आलं ते कोव्हिडच्या ऐन भरात, तरीही तिथे वीस लाखांहून जास्त लोकांना हलवलं, फक्त निवाऱ्यांची संख्या वाढवून गर्दी विभागली.

निवाऱ्यात स्वतःपुरतं करायचं ते एवढंच: साबणाने हात धुणं (नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही), खोकला असेल तर मास्क, आणि जुलाब, ताप किंवा पुरळ आल्यास लगेच सांगणं. ‘स्फिअर’ या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार निवाऱ्यात माणशी किमान साडेतीन चौरस मीटर जागा, रोज १५ लिटर पाणी आणि दीर्घ मुक्कामात वीस जणांमागे एक शौचालय हवं. पहिल्या रात्री हे कुठेच जमत नाही. आठवडाभरानंतरही जमलं नसेल तर आवाज उठवा.

१०. कुत्रा-मांजर निवाऱ्यात घेतील का?

सगळीकडे नाही, म्हणून आधी विचारा. कॅटरिनात अनेकांनी प्राण्यांना सोडून जायचं नाकारलं आणि पाण्यात अडकले. त्यानंतर २००६ मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि स्थलांतराच्या योजनांत पाळीव प्राण्यांचा विचार बंधनकारक झाला. पिंजरा, पट्टा आणि रेबीजच्या लसीचा कागद सोबत ठेवा.

११. पाणी पिण्यालायक कसं करायचं?

उकळणं सगळ्यात खात्रीचं: खळखळून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट, आणि समुद्रसपाटीपासून २,००० मीटरपेक्षा उंचावर असाल तर तीन मिनिटं. इंधन नसेल तर घरगुती, बिनवासाचं ब्लीच चालतं. साधारण ६ टक्के तीव्रतेचं ब्लीच असेल तर दर लिटर स्वच्छ पाण्याला दोन थेंब टाका, ढवळा, अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर आधी कापडाने गाळा आणि थेंब दुप्पट करा. शेवटी क्लोरीनचा हलका वास यायला हवा. सुगंधी किंवा रंगीत कपड्यांसाठीचं ब्लीच वापरू नका.

दोन मर्यादा आहेत. क्रिप्टोस्पोरिडियम हा जंतू क्लोरीनला दाद देत नाही, तिथे उकळणंच हवं. आणि पाण्यात तेल, इंधन किंवा रसायन मिसळलं असेल तर उकळूनही ते जात नाही, ब्लीचनेही नाही. असं पाणी पिऊच नका.

१२. नळाला पाणी आलं आणि स्वच्छ दिसतंय. तरी उकळायचं?

प्रशासन ‘पाणी सुरक्षित’ म्हणेपर्यंत हो. दाब गेलेल्या नळांत बाहेरचं सांडपाणी ओढलं जातं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. हेलेननंतर ॲशव्हिल शहरात नळाला पाणी पिण्यालायक व्हायच्या कितीतरी आधी आलं होतं, पिण्याची परवानगी मिळायला १८ नोव्हेंबर उजाडला. वादळ सप्टेंबरच्या शेवटी येऊन गेलं होतं. या काळात दात घासायला, भाज्या धुवायला, बाळाच्या बाटलीला आणि बर्फ करायलाही शुद्ध केलेलंच पाणी वापरा. विहिरीत किंवा बोअरमध्ये पुराचं पाणी गेलं असेल तर निर्जंतुक करून, तपासणीचा निकाल आल्यावरच प्या.

१३. फ्रिजमधलं अन्न किती तास चालतं?

दार उघडलं नाही तर फ्रिजमध्ये चार तास, गच्च भरलेल्या फ्रीझरमध्ये ४८ तास आणि अर्ध्या भरलेल्यात २४. त्यानंतर दूध, मांस, मासे, अंडी, उरलेलं शिजवलेलं अन्न टाकून द्या. चव घेऊन ठरवू नका, विषबाधा करणाऱ्या जंतूंना वास असेलच असं नाही. पुराचं पाणी लागलेलं अन्नही टाकायचं. अपवाद फक्त न पिचलेल्या, न गंजलेल्या, पक्क्या बंद धातूच्या डब्यांचा. कागदी लेबल काढा, डबे साबणाने धुवून ब्लीचच्या पाण्यात निर्जंतुक करा आणि आत काय आहे ते मार्करने लिहा.

१४. जनरेटर व्हरांड्यात ठेवला तर चालतो ना? खिडकी उघडी ठेवू.

नाही चालत. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं झालं तर हे वाचा.

जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो झोपेतच संपवतो. जनरेटर घरापासून किमान सहा मीटर लांब, उघड्यावर, धुराचं तोंड दारं-खिडक्यांच्या उलट दिशेला करून ठेवा. व्हरांडा, गॅरेज, तळघर यांतलं काहीही नको, दार सताड उघडं असलं तरी. खिडकी उघडल्याने वायू बाहेर जाण्याऐवजी आत येतो. २०२० मध्ये लॉरा वादळानंतर लुईझियानात जनरेटरच्या धुराने एकेका घरातली अनेक माणसं एकदम गेली. उधाण चुकवून वाचलेली माणसं होती ती.

कोळशाची शेगडी किंवा कॅम्पिंगचा स्टोव्हही घरात पेटवू नका. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म झोपायच्या जागेजवळ लावा. घरातल्या सगळ्यांचं एकदम डोकं दुखू लागलं, चक्कर आली, मळमळलं आणि ताप नसेल, तर फ्लू समजून पडून राहू नका. आधी बाहेर पडा, मग मदत मागा. जनरेटर घराच्या वायरिंगला थेट जोडू नका, वीज उलटी तारांत जाऊन दुरुस्ती करणाऱ्याचा जीव घेते.

१५. पुराच्या पाण्यातून चालावं लागलं. आता काय करू?

आधी साबणाने आणि स्वच्छ पाण्याने अंग धुवा. जखम असेल तर नीट धुऊन झाका आणि दोन-तीन दिवस तिच्यावर लक्ष ठेवा.

किनाऱ्याच्या कोमट, खारट पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जंतू असतो. कॅटरिनानंतर व्हिब्रिओ गटाच्या जंतूंचे २२ नवे रुग्ण नोंदले गेले, त्यांतले पाच दगावले. यकृताचा आजार, मधुमेह किंवा कमी प्रतिकारशक्ती असलेल्यांना धोका फार मोठा. जखमेभोवती झपाट्याने पसरणारी लाली, असह्य वेदना, जांभळे फोड दिसले तर सकाळपर्यंतही थांबू नका.

दुसरा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदीर आणि इतर प्राण्यांच्या मूत्रातून तो पाण्यात येतो. ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल होणं ही लक्षणं साधारण एक-दोन आठवड्यांनी येतात, कधी महिन्याभरानेही. तोवर पूर विस्मरणात गेलेला असतो, म्हणून डॉक्टरांना ‘मी पुराच्या पाण्यात उतरलो होतो’ हे आपणहून सांगा. डॉक्सिसायक्लिनची प्रतिबंधक मात्रा काही ठिकाणी देतात, पण ती आरोग्य खात्याच्या सल्ल्याने. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना ती सरसकट चालत नाही.

चालणं टाळता आलं तर टाळाच. वाहतं पाणी पंधरा सेंटिमीटर असलं तरी माणसाला पाडतं, आणि साठ सेंटिमीटर पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं.

१६. वादळानंतर सगळ्यांनी कुठली लस घ्यायची?

सरसकट अशी कुठलीच नाही. धनुर्वाताची लस अद्ययावत हवी: नेहमी दर दहा वर्षांनी, आणि घाणेरडी जखम झाली व शेवटच्या डोसला पाच वर्षं उलटली असतील तर पुन्हा. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचेमध्ये धनुर्वाताचे शंभराहून जास्त रुग्ण झाले होते. गर्दीच्या निवाऱ्यात, लसीकरण कमी असलेल्या भागात, मुलांना गोवराची लस तातडीने दिली जाते. कॉलराची लस जिथे कॉलरा आधीपासून आहे तिथेच द्यायची वेळ येते, आणि तो निर्णय सरकारचा.

१७. मृतदेह पडून राहिले की साथ येते ना?

नाही, आणि ही समजूत फार नुकसान करते. बुडून किंवा इजा होऊन मेलेल्या माणसांच्या अंगात साथीचे जंतू असण्याची शक्यता इतर लोकांइतकीच. साथ पसरवतात ते जिवंत माणसांची विष्ठा, दूषित पाणी आणि गर्दी. हैतीत जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर लाखो मृत्यू झाले असं मानतात, पण कॉलरा आला तो ऑक्टोबरमध्ये, आणि तो संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरच्या सांडपाण्यातून नदीत उतरला होता.

साथीच्या भीतीने घाईघाईत सामूहिक दफन केलं की ओळख पटत नाही, आणि मागे राहिलेल्यांची पुढची कित्येक वर्षं वारस, विमा, पुनर्विवाह यांच्या कागदपत्रांत अडकतात. फोटो, खुणा, ठिकाण यांची नोंद आधी करा. हातमोजे घालायचे ते मृतदेह हाताळणाऱ्यांनी. कॉलरा किंवा इबोलाने झालेले मृत्यू मात्र अपवाद आहेत, तिथे प्रशिक्षित पथकच हवं.

१८. दुसऱ्याच दिवशी डासांसाठी फवारणी का करत नाहीत?

कारण पूर आणि वारा डासांची जुनी अंडी-अळ्या बऱ्याचदा धुऊन नेतात. नवी पैदास साचलेल्या पाण्यात होते आणि रोग पसरायला काही आठवडे जातात. त्यामुळे पहिल्या आठवड्यात टायर, बादल्या, ताडपत्रीच्या खोलगट भागातलं पाणी ओतून टाकणं फवारणीपेक्षा जास्त कामाचं.

१९. भिंतींना बुरशी आली आहे. ब्लीच मारून रंग दिला तर पुरे?

पुरे नाही. ओलावा राहिला तर रंगाखालूनही बुरशी येते. भिजलेल्या वस्तू २४ ते ४८ तासांत सुकल्या नाहीत तर बुरशी आलीच असं धरा. गाद्या, गालिचे, कापसाने भरलेलं फर्निचर, भिजलेलं जिप्सम बोर्ड टाकून द्यावं लागतं. फरशी, धातू, प्लास्टिक साबण-पाण्याने घासता येतं. काम करताना एन-९५ मास्क, हातमोजे, चष्मा घाला. ब्लीचमध्ये अमोनिया किंवा आम्लयुक्त क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. दम्याचे रुग्ण आणि प्रतिकारशक्ती दबलेले लोक यांनी सफाईला हात लावू नये.

२०. आईला ताण आला की दूध आटतं, म्हणून बाळाला पावडरचं दूध द्यावं का?

ताणाने दूध उतरायला थोडा वेळ लागू शकतो, पण ते तयार होणं थांबत नाही. वरचेवर पाजत राहा, आईला पाणी, अन्न आणि आडोसा द्या. स्वच्छ पाणी नसताना पावडरचं दूध म्हणजे जुलाबांना आमंत्रण. जी बाळं आधीपासूनच वरच्या दुधावर आहेत त्यांच्यासाठी तयार, द्रव स्वरूपातलं बाळदूध साठवा आणि बाटलीपेक्षा धुवायला सोपा असा कप वापरा.

२१. हीच तयारी भूकंपाला, वणव्याला, उष्णतेच्या लाटेला चालते का?

पाणी, औषधं, कागदपत्रं, संपर्काची यादी हे सगळीकडे तेच. फरक असा: भूकंपात इशारा नसतो, म्हणून बूट आणि टॉर्च पलंगाजवळच हवेत. वणव्यात धोका धुराचा, तिथे एन-९५ कामाचा, कापडी मास्क नाही. उष्णतेत पंखा एका मर्यादेपर्यंतच उपयोगी, हवा अंगापेक्षा गरम झाली की तो उलट तापवतो. आणि वादळ व उष्णता एकत्रही येतात. २०२१ मध्ये आयडानंतर न्यू ऑर्लिन्समधल्या मृत्यूंपैकी बहुतेक वीज गेल्यावरच्या उकाड्याचे होते. २०१७ मध्ये इर्मानंतर फ्लोरिडातल्या एका वृद्धाश्रमात वातानुकूलन बंद पडून १२ जण गेले, समोरच रुग्णालय होतं. मग राज्याने अशा संस्थांना ९६ तास पुरेल इतकी पर्यायी वीज सक्तीची केली. शेजारी एकटा वृद्ध माणूस असेल तर दिवसातून दोनदा दार वाजवा.

२२. आठवडे झाले, तरी झोप लागत नाही. हा आजार आहे का?

सुरुवातीच्या आठवड्यांत झोप न लागणं, दचकणं, चिडचिड, रडू येणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं ओसरतं. ज्याला बोलायचं नाही त्याला घडलेलं पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका, त्याने फायदा होत नाही. महिन्यानंतरही रोजची कामं जमत नसतील, दारू वाढली असेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल तर मदत घ्या. शेवटच्या बाबतीत तर त्याच दिवशी. लहान मुलांना वादळाच्या बातम्या सतत दाखवू नका.

२३. आम्ही घरातली उरलेली औषधं पाठवतो. चालेल का?

कृपया नको. अर्धवट पट्ट्या, परक्या भाषेतली लेबलं, मुदत संपलेल्या बाटल्या यांची वर्गवारी करण्यात तिथले फार्मासिस्ट अडकतात, आणि शेवटी जाळायचा खर्चही त्यांच्याच माथी येतो. काम करणाऱ्या संस्थेला पैसे द्या. खरी टंचाई बऱ्याचदा अनपेक्षित जागी असते: मारियाने पोर्तो रिकोतले कारखाने बंद पाडले तेव्हा, आणि पुन्हा हेलेनने नॉर्थ कॅरोलिनातला एक कारखाना बुडवला तेव्हा, वादळ न पाहिलेल्या रुग्णालयांतही सलाइन जपून वापरावं लागलं.

२४. वडील वादळानंतर महिन्याभराने हृदयविकाराने गेले. त्यांचा मृत्यू वादळबळींत धरतात का?

धरला जाऊ शकतो, पण आपोआप नाही. मृत्यू थेट (बुडणं, पडझड) आणि अप्रत्यक्ष (वीज, उपचार, औषध न मिळाल्याने) असे दोन प्रकारे नोंदतात. अप्रत्यक्ष मृत्यूत प्रमाणपत्र लिहिणाऱ्या डॉक्टरने कारणांच्या साखळीत वादळाचा उल्लेख केला तरच तो मोजला जातो. प्रश्न ३ मधला ६४ चा आकडा इतका छोटा राहिला, त्यामागे हेही एक कारण होतं. डॉक्टरांना नेमकं सांगा: वीज किती दिवस नव्हती, कुठली औषधं चुकली, रुग्णवाहिका कधी बोलावली आणि कधी आली. प्रमाणपत्र आधीच निघालं असेल तर अनेक ठिकाणी दुरुस्तीचा अर्ज करता येतो. अंत्यसंस्काराची सरकारी मदत याच उल्लेखावर अवलंबून असू शकते, म्हणून औषधांच्या पावत्या, फोनमधली कॉलची नोंद आणि वीज कंपनीचे संदेश पुसू नका.